दोन लिटर दुधाची बासुंदी, घरच्या कढईत

धोंड्याचा महिना आला की आमच्या लातूर-उदगीरकडे जावयांची चंगळ असते. पानात धोंडे, अनारसे आणि शेजारी मोठ्या वाटीत बासुंदी. 2023 च्या अधिक श्रावणात आमचे धाकटे जावई पहिल्यांदाच धोंड्याला आले. बासुंदी मी तीस वर्षं करतेय, त्यामुळे काळजी अशी काही नव्हती. फक्त त्या वेळी नेहमीच्या पातेल्याऐवजी नवी पसरट कढई काढली. दूध मापून निम्म्यावर आणलं, साखर घातली, गार केलं. जेवताना जावईबापूंनी पुरीचा तुकडा वाटीत बुडवला, तर पुरी मोडली आणि अर्धा तुकडा आतच रुतून बसला. "मामी, चमचा मिळंल का?" एवढंच म्हणाले बिचारे. वाटीत बासुंदी नव्हतीच, रबडी होती.

चूक कुठे झाली ते मला दुसऱ्या दिवशी कढई घासताना कळलं. ते पुढे सांगतेच, कारण पाककृतीत "दूध निम्मं आटवा" एवढं लिहून मोकळे होणारे नेमकं तेच सांगत नाहीत.

बासुंदी वाटी ओठाला लावून पिता आली पाहिजे आणि पुरीवर थोडा वेळ टिकलीही पाहिजे. आमच्या आत्याबाईंचं म्हणणं, "वाहिली पायजे गं, पण पळाली नाही पायजे." याहून पातळ ते कोजागिरीचं दूध. रबडी तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर आणतात आणि तिच्यात सायीचे जाड पापुद्रे मुद्दाम राखतात. नांदेड-संभाजीनगरकडे मातीच्या वाटीत थापून मिळते ती फिरनी, तिला घट्टपणा येतो भिजवून भरडलेल्या तांदळाने. बासुंदीत घट्टपणासाठी दुधाशिवाय काही नसतं. त्यामुळे दूध हलकं असलं तर ते झाकायला जागा नाही.

दूध कोणतं घ्यायचं

म्हशीचं, आणि शक्यतो त्याच दिवशीच्या धारेचं. म्हशीच्या दुधात साडेसहा-सात टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधात साडेतीन-चार. हा फरक शेवटी कढईत दिसतो. दोन लिटर म्हशीच्या दुधातलं सगळं पाणी काढलं तर मागे साधारण सव्वातीनशे ग्रॅम ऐवज उरतो. गाईच्या दुधात त्याहून बराच कमी, म्हणून तेवढाच दाटपणा यायला ते जास्त आटवावं लागतं आणि बासुंदी कमी भरते.

तरी गाईच्या बासुंदीला नावं ठेवू नका. माझ्या माहेरी आजोबांकडे देवणी गाय होती, वानेरा जातीची, अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या. तिच्या दुधाची बासुंदी पिवळसर आणि हलकी व्हायची, दोन वाट्या पिऊनही जेवण जायचं. दुधात एक हिस्सा गाईचं आणि तीन हिस्से म्हशीचं असं मिसळलंत तर रंगही येतो आणि दाटपणाही राहतो. मी पाहुण्यांसाठी असंच करते.

गवळी ओळखीचा असेल तर त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की बासुंदीसाठी पाहिजे. तो समजतो. सकाळचं दूध आणि रात्रीचं उरलेलं दूध मात्र कधीही एकत्र करू नका. वासाला रात्रीचं दूध ठीक वाटतं, पण त्यात थोडी आंबटी चढलेली असते. दूध आटत जातं तशी ती आंबटीही दाट होत जाते आणि तासाभराची मेहनत झाल्यावर दूध फाटतं. उन्हाळ्यात, 42 अंशांत, गवळ्याच्या कॅनमधून घरी येईपर्यंतच दुधाचा निम्मा धीर संपलेला असतो. आलं की लगेच चुलीवर चढवा. खात्री नसेल तर आधी चमचाभर दूध वेगळं उकळून बघा. फाटलं नाही तर बाकीचं घ्या.

पिशवीचं दूध घ्यायचं तर फुल क्रीम घ्या, म्हणजे फॅट 6 आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातला बाकीचा घन ऐवज) 9 असं छापलेलं. टोन्ड दूध फॅट 3 चं असतं, त्याची बासुंदी करण्यात अर्थ नाही. पिशवीवर होमोजिनाइज्ड लिहिलं असेल तर साय विरळ धरेल हे धरून चला. त्यातला स्निग्धांश यंत्राने इतका बारीक केलेला असतो की तो वर तरंगत येत नाही. चव चांगली येते, पण सायीचे कण फारसे लागत नाहीत.

दुधाची भुकटी घालू का, असं हमखास विचारतात. मी उदगीरची, आमच्या गावात सरकारी दूध भुकटी प्रकल्प होता, तरीसुद्धा सांगते, घालू नका. भुकटीने बासुंदी दाट दिसते, पण जिभेवर पिठूळ राहते. डब्यातलं गोड आटवलेलं दूधही नको, त्याने गोडी आपल्या हातात राहत नाही. भूम-वाशीकडचा ताजा खवा मिळाला आणि पाहुणे दारात उभे असतील तर दोन चमचे खवा कोमट दुधात मोडून घालणं मी समजू शकते. पण मग ते आपण केलंय हे आपल्यालाच माहीत असावं.

बाकीचं साहित्य

दोन लिटर दुधाला साखर 130 ग्रॅम, चारोळी दीड मोठा चमचा, वेलदोडे पाच-सहा, जायफळ अगदी थोडं, केशराच्या दहा-बारा काड्या. बदामाचे काप हवे तर.

साखर एवढीच का, असं वाटेल. दुधाची स्वतःची साखर असते, शंभराला साधारण पाच. दोन लिटरमध्ये ती शंभर ग्रॅमच्या घरात जाते आणि दूध निम्मं झालं की दुप्पट दाट होते. ती आपल्या साखरेएवढी गोड नसते, पण असते. दुकानातली बासुंदी खाऊन जीभ बधिर होते ती साखरेने, दुधाने नव्हे.

चारोळी टाकण्याआधी एक दाणा चावून बघा. तेलकट दाणा असल्याने ती लवकर खवट होते, आणि एक खवट चमचा अख्खी कढई घालवतो. हा माझा अनुभव नाही, माझ्या जाऊबाईंचा आहे, आणि त्या अजून तो विषय काढू देत नाहीत.

भांडं आणि खुणेचा दोरा

भांडं जाड बुडाचं, पसरट, आणि दुधाच्या दुप्पट मावेल असं. दोन लिटरला चार लिटरचं. पसरट का, तर वाफ वरच्या पृष्ठभागातूनच जाते. उभट पातेल्यात तेच दूध पाऊण तास जास्त घेतं आणि तेवढा वेळ तळाला लागायची भीती. पूर्वी कल्हई केलेलं पितळी पातेलं असायचं. आता जाड बुडाची स्टीलची कढई उत्तम. लोखंडी कढईत दूध काळपट होतं. नॉनस्टिकमध्ये कडेला साय चिकटून राहत नाही, आणि खरी मजा तर त्या कडेच्या सायीत.

आता त्या चुकीकडे येते. आत्याबाई पातेल्यात दूध ओतलं की लाकडी उलथण्याचा दांडा त्यात उभा धरायच्या, दूध कुठवर आलं ते बघायच्या, आणि त्या उंचीच्या बरोबर मध्यावर दोरा बांधायच्या. दूध दोऱ्यापर्यंत उतरलं की झालं. पातेल्याच्या भिंती सरळ असतात, त्यामुळे निम्मी उंची म्हणजे निम्मं दूध. मी तोच दोरा कढईत वापरला. कढई खाली निमुळती असते. तिथे निम्म्या उंचीवर दुधाचा तिसरा हिस्साही उरत नाही. म्हणून रबडी झाली.

कढईत निम्मं दूध हवं असेल तर उंची दोन-तृतीयांश धरा. मध्यभागी दूध 9 सेंटिमीटर खोल असेल तर 6 वर थांबा. खूण दांड्याच्या टोकापासून मोजा आणि दोरा ओला करून घट्ट बांधा, नाहीतर तो घसरतो. दोऱ्यावर विश्वास नसेल तर वजनकाटा घ्या. आधी रिकाम्या कढईचं वजन लिहून ठेवा. दोन लिटर दूध 2 किलोच्या थोडं वर भरतं. कढईचं वजन वजा जाता साधारण 1 किलो 50 ग्रॅम उरलं की साखरेची वेळ झाली. गरम कढई काट्यावर ठेवताना खाली लाकडी पाट घ्या आणि त्याचंही वजन आधीच धरा.

आटवणं

कढई पाण्याने विसळा आणि न पुसता तिच्यात दूध ओता. तळाशी पाण्याचा पापुद्रा राहतो, दूध लवकर लागत नाही. पहिली उकळी मोठ्या आचेवर येऊ द्या, पण समोर उभं राहून. दूध वर यायला लागलं की आच मध्यम करा. यानंतर पुढचा तास-सव्वा तास ते हलकं खदखदत राहिलं पाहिजे. मंद आचेवर तीन तास ठेवण्यात काही मोठेपणा नाही. त्याने रंग गडद होतो आणि आपले पाय दुखतात. मोठ्या आचेवर अर्ध्या तासात उरकायला गेलात तर तळ करपतो.

काही जणी कढईत बशी पालथी घालतात. दूध उतू जात नाही हे खरं, पण ती खडखडते आणि तिच्याखाली उलथणं पोचत नाही. मी घालत नाही.

दर दोन-तीन मिनिटांनी करायचं काम असं. दुधावर पातळ पडदा धरतो. तो उलथण्याने अलगद कडेला सारायचा आणि कढईच्या भिंतीला चिकटवायचा. मग उलथण्याची सपाट कड तळाला टेकवून इकडून तिकडे ओढायची, मध्यभाग विसरायचा नाही, कारण आच तिथेच जास्त. पुन्हा पडदा धरू द्यायचा. सारखं ढवळत राहिलात तर साय धरतच नाही, अजिबात ढवळलं नाही तर तळ लागतो. दोन्हींच्या मधला हा ताल पहिल्या पंधरा मिनिटांत हाताला सापडतो.

भिंतीला चिकटलेली साय दहा-बारा मिनिटांत कोरडी होऊन कडेने सुटायला लागते. ती खरवडून दुधात सोडा आणि उलथण्याने कढईच्या अंगावरच दाबून मोडा. कण बाजरीएवढे झाले पाहिजेत, मोठे राहिले तर रबडी आणि अगदी विरघळले तर नुसतं दाट दूध. बासुंदीचा सगळा पोत इथे ठरतो. दूध फार तापलं की त्यातली प्रथिनं उलगडतात, एकमेकांना धरतात आणि स्निग्धांश घेऊन वर पडदा होतात. आपण तो पुन्हा पुन्हा मोडून आत सोडतो. यंत्राने हे काम होतं, पण कण असे होत नाहीत.

अर्ध्या तासानंतर दुधाचा पांढरेपणा जातो आणि साधारण कण्या भाजल्यासारखा फिका बदामी रंग येतो. हा रंग दुधातली साखर आणि प्रथिनं एकत्र तापल्याने येतो, वासही तिथूनच. केशर हा रंग वाढवायला आहे, आणायला नव्हे. मोबाईल या वेळी दुसऱ्या खोलीत असावा.

दूध लागल्याचा वास आला, तर घाबरून तळ खरवडू नका. आच बंद करा, वरचं दूध न ढवळता दुसऱ्या भांड्यात ओता आणि तिथे पुढे आटवा. तळाला धक्का लागला की करपट वास सगळ्या दुधात उतरतो आणि मग वेलदोडे-जायफळ कितीही घाला, तो जात नाही. घरातली मोठी माणसं काही बोलत नाहीत, नुसती वाटी खाली ठेवतात.

आणि फाटलंच तर? फेकू नका. साखर घालून तसंच आटवत न्या, गोळा व्हायला लागला की तूप लावलेल्या ताटात थापा. कलाकंदासारख्या वड्या पडतात. पाहुण्यांना आधीपासून तेच करायचं होतं असं सांगा.

साखर, आणि थांबायचं कधी

दूध खुणेवर आलं की साखर. आधी नाही. साखर लवकर पडली की दूध तळाला चटकन धरतं आणि रंग तांबूस होतो. वेलदोडे चमचाभर साखरेबरोबर खलबत्त्यात कुटा, बारीक होतात आणि सालाचे तुकडे दाताखाली येत नाहीत. केशर आधीच दोन चमचे गरम दुधात भिजत घातलेलं असावं.

साखर पडताच बासुंदी पुन्हा पातळ होते. नवशिक्या मुली इथे हिरमुसतात. घाबरू नका, साखर विरघळून तिचं पाणी सुटल्यासारखं होतंच. आणखी सात-आठ मिनिटं उकळू द्या, मग चारोळी आणि केशर घाला. वेलदोडे आणि जायफळ आच बंद केल्यावर, म्हणजे वास उडून जात नाही. जायफळ किसणीवर चार-पाच वेळा फिरवलं की पुरे. जास्त झालं की कडवटपणा येतो.

गोडी गरम असताना बघाल तेव्हा ती मनाला हवी त्यापेक्षा किंचित जास्त लागली पाहिजे. गार झाल्यावर जिभेला ती कमी लागते.

दाटपणा बघायचा तो असा. स्टीलची ताटली गार पाण्यात बुडवून पुसा, तिच्यावर चमचाभर बासुंदी घाला आणि ताटली तिरकी करा. ती सावकाश ओघळली पाहिजे आणि मागे साय-कणांची पातळ रेघ राहिली पाहिजे. थेंबाच्या कडेने पाणी सुटलेलं दिसलं तर अजून पाच मिनिटं. जागची हललीच नाही तर जास्त झालंय. गरम दूध थोडं थोडं घालून सैल करा, थंड दूध घालू नका. गार झाल्यावर ती अजून दाट होणार आहे हे लक्षात ठेवून थोडी आधीच उतरवायची. त्या धोंड्याच्या दिवशी मी हेही केलं नव्हतं, दोऱ्यावरच विसंबले.

गूळ घालायचा मोह झाला तर उकळत्या दुधात घालू नका, फाटतं. आमच्याकडे हुग्गीला, म्हणजे गव्हाच्या खिरीला, गूळच लागतो, पण तिच्यात दूध वरून आणि शेवटी पडतं.

गार करणं

परातीत पाणी घेऊन त्यात कढई ठेवा आणि अधूनमधून ढवळत राहा, म्हणजे वर जाड साय धरत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी यायचं, तेव्हा परातभर पाणी घेतानाही हात अडायचा. आम्ही तेच पाणी मग भांडी घासायला वापरायचो. ती सवय अजून सुटलेली नाही.

गरम बासुंदीवर झाकण घालू नका. झाकणाला वाफ धरते, तिचे थेंब आत पडतात आणि वर पाण्याचा थर येतो. पातळ सुती फडकं पुरतं. कोमट झाली की फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नका आणि दिवसभर लाइट गेलेली असेल तर फ्रिजवर फार भरवसा ठेवू नका. नीट गार राहिली तर दोन-तीन दिवस टिकते. खूप दाट केलेली बासुंदी फार दिवस ठेवली तर रवाळ लागायला लागते, कारण दुधातली साखर बारीक खडे धरते.

सीताफळाची करायची असेल तर या टप्प्याला. आश्विनात बीडकडच्या बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं आमच्या बाजारात येतात; बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही आहे. पिकलेली चार मोठी फळं घ्या, गर चाळणीवर हाताने घासून बिया वेगळ्या करा. मिक्सर नको, बी फुटलं की गर कडू होतो आणि ते खाण्याजोगंही नसतं. गर पूर्ण गार बासुंदीत मिसळा, तापवू नका, तापवला की कडवटतो. अशा बासुंदीत जायफळ आणि केशर घालू नका, सीताफळाला दुसरा वास सहन होत नाही. साखरही 130 ऐवजी 90 ग्रॅम पुरते.

दोन लिटरची बासुंदी लिटरच्या थोडी वर होते. पुऱ्या, बटाट्याची भाजी, भजी, मसालेभात असं पान असेल तर सहा-सात माणसांना पुरते. आमचे जावई असतील तर पाच धरा. पुढच्या खेपेला मी त्यांच्या पानात चमचा मुद्दाम ठेवला नाही. त्यांनी वाटीच तोंडाला लावली.

कढई रिकामी झाली की लगेच पाण्यात टाकू नका. कडेला आणि तळाला खरवड राहिलेली असते, तांबूस, चिवट, किंचित खारट-गोड. उलथण्याने ती काढून एका वाटीत घ्या. गरम पोळीवर पसरून, वर चिमूटभर साखर भुरभुरून ती उभ्या उभ्या खायची असते, पाहुणे जेवत असताना, स्वयंपाकघरात. मग कढईत पाणी घालून एक उकळी काढा. काथ्याची गरज पडत नाही.